‘पीनट गॅलरी’ म्हणजे आम्ही

“नो कमेंट्स फ्रॉम द पीनट गॅलरी, प्लीज.”

प्राचार्यबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या. सगळा स्टाफ हसला. मी पण हसले. अर्थ माहीत नव्हता, तरी हसले. त्याचीच लाज जास्त वाटते.

हुमनाबादजवळची इंग्रजी शाळा. मी गणिताची बाई. आमच्या घरात एवढं शिकलेली पहिलीच. मीटिंगमध्ये मी मागून एवढंच विचारलं होतं : फुकट प्रवेशाची मुलं गॅदरिंगला जमिनीवर का? खुर्च्या तर रिकाम्या असतात.

शेजारी कन्नड शिकवणाऱ्या अक्का बसल्या होत्या. त्यांना विचारलं, “काय म्हणल्या त्या?”

“जाऊ दे गं. मजाक केल्या.”

चार दिवसांत तो शब्द माझ्या पाचवीच्या वर्गात आला. पुढच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, “मिस, पीनट गॅलरी गोंधळ करायलीय.” मागच्या बाकावर फुकट प्रवेशाचीच मुलं, बहुतेक आमच्याच समाजाची. त्यातली संयुक्ता उभी राहिली.

“मिस, आमाला शेंगदाणे कामून म्हणायलेत?”

“बस खाली,” मी म्हणाले.

मधल्या सुट्टीत मोबाईलवर शोधलं. अमेरिकेतला शब्दप्रयोग. जुन्या नाटकगृहांत सगळ्यात वरची, लांबची, स्वस्तातली जागा. तिथले लोक शेंगदाणे खायचे, नट आवडला न्हाई तर त्याच्यावर फेकायचे. कित्येक ठिकाणी काळ्या माणसांना तिथंच बसावं लागायचं. खाली बसायची परवानगीच न्हाई. आता अर्थ एवढाच : ज्यांचं बोलणं मोजायचं नसतं, ते.

देश दुसरा. जागा आमच्या ओळखीची.

दुसऱ्या दिवशी पाचवीच्या फळ्यावर तो शब्द लिहिला. कुठून आला, कुणाला म्हणायचे, सगळं सांगितलं. पुढच्या बाकांनाही. कुणी हसलं न्हाई.

दुपारी प्राचार्यबाईंच्या ऑफिसात बोलावणं.

“अहो, गंमत होती ती. तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात आणता.”

तुम्ही लोक.

“मॅडम, जात मी आणली न्हाई. मुलं जमिनीवर मी बसवली न्हाईत.”

“लेखी माफी द्या. नाहीतर पुढच्या वर्षीच्या नोकरीचं बघू.”

कागद पुढं सरकवला. पेन पण त्यांचंच.

मी लिहिलं : जो शब्द माझ्या मुलांवर फेकला जाईल, त्याचा अर्थ मी वर्गात शिकवीन. दरवेळी.

खाली सही केली. पूर्ण नाव. आडनावासकट.