बिनपंखांच्या विमानानं उफणलेला हरभरा

सुरुवातीलाच कबूल करतो. कौसाआक्कांचा हरभरा मी उधळला आणि नाव आप्पांचं सांगितलं. प्रवासाला निघालेला माणूस सहसा पहाटेच्या गार वाऱ्यापासून लिहायला लागतो. माझ्या प्रवासात वारा आला तो दुपारी, आणि तोही मीच सोडलेला. म्हणून आधी हे सांगून मोकळा होतो.

मी पुण्यातल्या एका तांत्रिक प्रशिक्षण संस्थेत इंजिनं शिकवतो. त्या सुमाराला, म्हणजे नवं शतक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा, आमच्या साहेबांना आकाशाचं वेड लागलं. शिरूर आणि दौंडच्या मध्ये माळावर एक जुनी लष्करी धावपट्टी आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलं. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेली, पुढे आपल्या लष्करानं काही वर्षं वापरलेली आणि मग विसरलेली. साहेबांनी ठरवलं, एका टोकाला विमान दुरुस्तीची शाळा आणि दुसऱ्या टोकाला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेड. ‘एरोस्पेस’ हा शब्द ते इतक्या वेळा उच्चारत की आमचा शिपाईही चहाचे कप विसळताना तो म्हणू लागला होता.

कागदपत्रं वर सरकत होती, पण गावानं ग्रामसभेत होकार द्यायला हवा होता. गावावर छाप पाडायला विमान न्यायचं ठरलं. आमच्याकडे एक होतं. एका फ्लाइंग क्लबनं टाकून दिलेलं, दोन माणसांचं, जुनं शिकाऊ विमान. पंख कधीच काढून ठेवले होते. उडण्याचा प्रश्न नव्हता, पण इंजिन मात्र माझ्या मेहनतीमुळे ठणठणीत होतं. याचा मला फार अभिमान होता. पुढचं सगळं त्या अभिमानातूनच घडलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. पुढे एका ट्रकच्या ट्रेलरवर दोरखंडांनी बांधलेलं विमान, मागे जीपमध्ये मी आणि चालक रफिकभाई. कोरेगाव भीमाला चहाला थांबलो, तर टपरीवरची सगळी गर्दी ट्रेलरभोवती.

“पंख कुठायत?” एकानं विचारलं.

“पुण्यात आहेत,” मी म्हणालो.

“मग हे चाललंय कशाला? पंख आणायला?”

टपरी हसली. मी चहा अर्धा टाकून उठलो. रांजणगावच्या कारखान्यांच्या भिंती मागे टाकत शिरूरला पोचलो. जुनी माणसं शिरूरला अजून ‘घोडनदी’ म्हणतात. तिथे मिसळ खाल्ली, तिच्या तर्रीनं माझ्या पांढऱ्या शर्टावर कायमची सही केली. मग मुख्य रस्ता सोडून नदीच्या अंगानं इनामगावकडे. तिथल्या जमिनीखाली तीन हजार वर्षांपूर्वीची घरं आणि धान्य साठवायची पेवं सापडली आहेत, हे मी रफिकभाईंना मास्तरकीच्या सुरात सांगितलं. ते म्हणाले, “त्यांना पण कोणीतरी येऊन सांगितलं असेल, इथं कारखाना काढतो म्हणून. मग गेले असतील गाव सोडून.”

धावपट्टी दिसली. डोळा पोचेल तिथपर्यंत सरळ, काळी, भेगांतून गवत फुटलेली. बाजूला छप्पर गेलेली एक पडकी खोली. मात्र साहेबांच्या नकाशात ‘विनावापर’ असं लिहिलेलं वाचून माझ्या डोळ्यांसमोर जे आलं होतं, तसं तिथे काहीच नव्हतं. एका बाजूला लाल मिरच्या वाळत होत्या. पुढे कांद्याचं बी. त्याच्यापुढे एक पोरगी पदर खोचून स्कूटर शिकत होती आणि तिचा नवरा मागून पळत होता. मधोमध मळलेला हरभरा, म्हणजे दाणे आणि भुसकट यांचा एक मोठा ढीग. धावपट्टी हे गावाचं खळं होतं, आणि तेही डांबरी.

“पायताण काढा, मास्तर!” ढिगापलीकडून आवाज आला. “रास हाय ती.”

या कौसाआक्का. पन्नाशीच्या पुढच्या, उंच, कपाळावर आडवं कुंकू. घराणं एके काळी मेंढरं घेऊन फिरणारं, आता पाणी आल्यापासून एका जागी शेती करणारं. त्यांच्या शेजारी धावपट्टीची राखण करणारे आप्पा उभे होते. लष्करात भांडारावर नोकरी करून आलेले, मिशा अजून परेडवर. आप्पांची लेक कौसाआक्कांच्या घरी दिलेली. म्हणजे हे दोघं एकमेकांचे ईवाई आणि ईन (व्याही आणि विहीण), आणि एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे.

“ईवाई, ह्ये उडत न्हाई आसं इमान आणलंय जनु,” आक्का म्हणाल्या. “तुमच्यावानीच. मिशा फकस्त.”

“माझ्या मिशा हायेत म्हनून तुमची सून सरळ चालतीय,” आप्पा म्हणाले.

चैत्रात आप्पांच्या, म्हणजे शेजारच्या गावची यात्रा होती. आप्पांची लेक चार वर्षं यात्रेला माहेरी आली नव्हती. कधी बाळंतपण, कधी सुगी. यंदा आक्कांनी धाडते म्हणून शब्द दिला होता. ही गोष्ट आप्पांनी मला पहिल्या अर्ध्या तासात तीनदा सांगितली. नातवंडांसाठी त्यांनी झोपाळाही टांगून ठेवला होता.

आम्ही विमान उतरवलं. धावपट्टीत लष्कराच्या काळची लोखंडी कडी अजून घट्ट होती. तिला आप्पांनी विमानाची शेपटी बांधली. चाकांखाली दगड लावले. साहेब पाहुण्यांना घेऊन चारला येणार होते, म्हणून मी इंजिन एकदा चालवून पाहिलं. पंख्याचा झोत मागे गेला आणि पार लांबवर आक्कांचा पदर फडफडला.

त्या तडक माझ्याकडे आल्या.

“दोन दिस झालं वारं पडलंय. भुसा तसाच पडलाय. तुमची ही फिरकी फिरवाल का आमच्याकडं?”

मी नाही म्हणायला हवं होतं. विमानाच्या इंजिनानं धान्य उफणायचं कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण गाव भोवती जमलं होतं आणि आजवर माझ्या विद्यार्थ्यांनीसुद्धा माझ्याकडे इतक्या आशेनं पाहिलेलं नव्हतं. हरभरा पाट्यांनी उचलून शेपटीमागे बऱ्याच अंतरावर नेला. आक्का तिवईवर (तीन पायांच्या उंच घडवंचीवर) चढल्या. शेपटीचा जादा दोर आप्पांनी हाताला वेढे घेऊन धरला. मी आत बसलो आणि इंजिन अगदी हळू सोडलं.

काय सांगू! आक्का सुपातून धार सोडत, दाणे सरळ खाली पडत आणि भुसा पिवळ्या धुक्यासारखा लांब उडून जाई. रास वाढत गेली. बायका हसत होत्या. पहिली पायली मोजताना आक्का ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणाल्या. खळ्यावर पहिलं माप तसंच मोजतात. आयुष्यात मी इतकं उपयोगाचं काम कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात साहेबांची पांढरी गाडी दिसली.

साहेब उतरले, पाहुणे उतरले, आणि माझ्या हातानं इंजिनाचा दांडा पुढे ढकलला. हातानंच ढकलला म्हणतो, पण तो मीच होतो. साहेबांना दाखवायचं होतं, बघा काय ताकद आहे. इंजिन डरकाळलं. रास उठली. रास अशी उठते हे मला माहीत नव्हतं. दाणे, भुसा, सूप, पाटी, शेजारच्या मिरच्या, एका पाहुण्याची टोपी, सगळं एकदम हवेत गेलं. आक्का तिवईवरून उतरल्या की पडल्या, ते मी पाहिलं नाही. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा हरभरा भेगांत, गवतात आणि सराट्याच्या काट्यांत पसरला होता आणि सगळे शिंकत होते.

“काय झालं हे?” साहेब ओरडले.

मी खाली उतरलो आणि म्हणालो, “आप्पांची गाठ सरकली, दोर सैल पडला. शेपूट फिरलं.”

एवढं सहज म्हणालो की मलाच खरं वाटलं. आप्पांनी एकदा हातातल्या दोराकडे पाहिलं, एकदा कडीकडे. भुशाच्या धुरळ्यात काय झालं, ते त्यांनाही दिसलं नव्हतं.

“येवढं शेपूट धराया सांगितलं, ईवाई, ते बी जमंना?” आक्का म्हणाल्या. लोक हसले. मग त्यांनी पदर झटकला. “यंदा यात्रंला पोरगी मागाया येऊ नका. माझं धान येचाया घरात मानूस लागंल.”

कोणी हसलं नाही.

त्या संध्याकाळची ग्रामसभा तशीच झाली, केसांत भुसा घेऊन. साहेब कुंपण, सुरक्षा आणि एरोस्पेसवर बोलले. आक्का मागून म्हणाल्या, “कुंपण घाला, पर सुगीला दार उघडं ठिवा. न्हाईतर आमचा आंगठा न्हाई.” साहेबांनी विचार करतो म्हणून सांगितलं. (पुढे ते दार ठेवलं गेलं आणि शाळाही उभी राहिली.) साहेब गाडीनं परतले. विमान ट्रेलरवरून परत गेलं; रफिकभाईंना जीपनं पुढे जायचं होतं, म्हणून ते मला दौंडला सोडणार आणि तिथून मी रेल्वेनं पुण्याला जाणार होतो.

वाटेत रफिकभाई म्हणाले, “म्हाताऱ्याला कशाला दिला दोर? विमान काय म्हैस आहे का?” मी ‘हं’ म्हणालो. त्या ‘हं’ची मला आजही लाज वाटते.

दौंडला फलाटाबाहेर भजी खात होतो. भजी गरम होती, चटणी जहाल, आणि मला चव लागत नव्हती. शेजारच्या बाकावर दोघंजण बोलत होते.

“आरं, माळावर इमान पळालं म्हनं.”

“व्हय, त्या मिशावाल्या आप्पानं सोडलं. चार मानसं जखमी. मिल्ट्रीतून बी असाच काढला आसंल त्याला.”

गोष्ट माझ्याआधी दौंडला पोचली होती, आणि वाटेत धष्टपुष्टही झाली होती. मी तोंड उघडलं, त्यात भजं होतं, ते गिळलं आणि पुन्हा मिटलं. गाडी आली. डब्याच्या दांड्याला हात लावला आणि काढून घेतला. मी धीट झालो असं समजू नका. पुण्यात पोचल्यावर हीच गोष्ट बायकोला कशी सांगायची, ते मला सुचत नव्हतं. स्टेशनजवळच्या लॉजवर ढेकणांच्या संगतीत रात्र काढली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं परत गेलो.

धावपट्टीवर बायका वाकून केरसुणीनं भेगांतले दाणे काढत होत्या. आक्कांची सूनही, म्हणजे आप्पांची लेक, त्यांच्यात होती. आप्पा बरेच लांब, कडीपाशी एकटे बसले होते.

मी आक्कांसमोर उभा राहिलो. “आक्का, दोर सैल झाला नव्हता. साहेब दिसले म्हणून इंजिन मी वाढवलं. खोटं बोललो. मला माफ करा.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केरसुणी आपटून दाणे झाडले.

“माझी कशाला मागताय? माझा हरबरा निम्मा तरी घावला,” त्या म्हणाल्या. “त्या मानसाकडं जावा. कालपासनं त्या कडीशी काय करतुया, बघा जरा.”

सुनेनं मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला होता.

मी गेलो. आप्पा दोर कडीत ओवत, गाठ मारत, दोन्ही हातांनी खेचून पाहत आणि सोडत. पुन्हा ओवत. मी शेजारी डांबरावर बसलो तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

“सर, ही गाठ मी मिल्ट्रीत हजारदा मारली आसंल,” ते म्हणाले. “कधी सुटली न्हाई. काल कशी सुटली, त्येच कळंना. वय झालं जनु.”

“सुटली नव्हती, आप्पा,” मी म्हणालो. “तुमची गाठ बरोबर होती. दोरही तुम्ही घट्ट धरला होता. मी भ्यालो आणि तुमचं नाव घेतलं. चूक माझी होती. मला क्षमा करा.”

आप्पांनी गाठ शेवटची एकदा खेचून पाहिली, मिशीवरून हात फिरवला, आणि मागून आक्कांचा आवाज आला, “ईवाई, यात्रंला पोरगी धाडते, झोपाळा काढू नका.”