हाण

माझे मालक पेनल्टीला उभे राहिले तेव्हा सगळं मैदान ओरडलं, "हाण!" बॉल खांबाला लागून परत आला. मग तोच शब्द पुन्हा उठला, पण आता तो बॉलसाठी नव्हता. "हाण त्याला! तिकडचाच हाय त्यो!"

मालक कराचीत वाढले. फाळणीनंतर आधी पाकिस्तानकडून खेळले, मग कोल्हापुरात येऊन भारताकडून. त्या दिवशी समोर पाकिस्तानच होता. शेजारची बाई माझ्या कानाशी म्हणाली, "वैनी, पदर घ्या तोंडावर. कुणाच्या ते सांगू नका."

आता खिडकीखाली पोरं खेळताना "हाण" ओरडतात आणि माझा भाजी चिरता हात थांबतो. गोल झाला असता तर त्याच लोकांनी मालकांना खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं असतं. शब्द तोच, माणसंही तीच. मधे फक्त एक खांब.

दगड पडायला लागले तेव्हा पाकिस्तानचा गोलकीपर धावत आला आणि मालकांच्या अंगावर आडवा पडला. कराचीत दोघं एकाच गल्लीत खेळलेले. त्या गोलकीपरचा एक डोळा गेला. दोघंही जगले.