फसलेलं तळं

फोन आला तेव्हा मी गॅसवर वांगं भाजत होते. रफिकचा फोन. रफिक माझ्या वर्गातला, आमच्या करमाडच्या शाळेतला. आता शहरात, उस्मानपुऱ्यात त्याचं फोटो आणि चित्रं फ्रेम करून देण्याचं दुकान आहे. एरवी पाच मिनिटं चेष्टा केल्याशिवाय हा मुद्द्यावर येत नाही. त्या दिवशी सरळच म्हणाला, "वैशाली, साळवे सर गए अपने. सुबह चाय पी के लेटे, बस्स..." वांगं एका बाजूनं पार कोळसा झालं तरी मी तशीच उभी. आपल्याला घडवलेला माणूस गेला की रडू यायला पाहिजे. मला आधी आली ती धास्ती. अकरा वर्षांपूर्वी मी जे केलं होतं, त्यानं या माणसाचं मन कायमचं मोडलं की नाही, हे आता मला कोण सांगणार? विचारायचं धाडस अकरा वर्षांत झालं नाही, आणि आता विचारायला ते नव्हते.

साळवे सर आम्हाला चित्रकला शिकवायचे. आमच्या शेतकरी घरात चित्र म्हणजे खताच्या दुकानातून फुकट आलेलं कॅलेंडर, आणि चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी राहिलेला धडा उरकायची वेळ. साळवे सरांनी पहिल्याच आठवड्यात आपला तास परत मिळवला, आणि फळ्यावर असंच एक कॅलेंडर टांगून विचारलं, "कसंय?" आम्ही एका सुरात ओरडलो, "छान!" सर म्हणाले, "छान भजी असतात. चित्राचं बोला. डोळा आधी कुठं गेला? तिथून कुठं गेला? अन् कुठं अडकला?" मग रफिक भीत भीत म्हणाला की सर, डोळा आधी बैलाच्या शिंगावर गेला, तिथून बाईच्या घागरीवर, आणि खालच्या जाहिरातीत अडकला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला स्वतःचा खडू बक्षीस दिला. पुढं वर्षभर हेच. आधी काय दिसतं ते सांगायचं, मग ते तसं का दिसतं ते शोधायचं, आणि आवडलं की नाही ते सगळ्यात शेवटी. "अन् नाय आवडलं तर नाय म्हणायचं," ते बजावायचे. "समोरच्याला वाईट वाटंल म्हणून खोटं बोलला, तर तुमचा डोळा खराब होतो. त्याचं काय जातंय?"

सहल वेरूळला गेली, तेव्हा बाकीच्या तुकड्यांनी दिवसभरात सगळी लेणी पालथी घातली, आणि आम्ही एका खांबासमोर दशम्या खात बसलो. ऊन सरकत गेलं तशी त्या खांबावरची पानं एकेक करून वर यायला लागली, काही बुडायला लागली. आधी आम्ही कुरकुरलो, मग भांडलो, मग खरोखर बघायला लागलो. मी विचारलं, "सर, बाकीचं कधी बघायचं?" तर म्हणाले, "बाकीचं इतकी वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबंल." घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, काय काय पाहिलं? मी म्हणाले, एक खांब. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

एकदा सर आमच्या घरी आले होते, माझं नाव चित्रकलेच्या परीक्षेला घालायची परवानगी मागायला. अंगणात दोरीवर आईनं शिवलेली गोधडी वाळत घातलेली. सर आले ते थेट तिच्यापुढेच उभे राहिले. मग आईला म्हणाले, "वहिनी, हा लाल तुकडा बरोबर इथंच का लावला?" आई पदर सावरत म्हणाली, "तिथं फाटलं व्हतं, सर." सर खो खो हसले. पण चहा होईस्तोवर आई काही स्वस्थ बसली नाही. कप हातात देता देता हळूच म्हणाली, "हिरवा तुकडा बी व्हता म्हना... पर त्यो लावला असता तर समदं झोपल्यासारखं दिसलं असतं." सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू परीक्षा आईच पास झाली. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, आमच्या घरात कुणाला काही कळत नाही.

पुढं मी बँकेत लागले, शहरात आले, आणि हौस म्हणून एका पुरवणीत चित्रप्रदर्शनांवर लिहायला लागले. सर निवृत्त होऊन हर्सूलला राहायला गेले होते. तिथं त्यांनी चार वर्षं खपून चित्रं काढली आणि उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये पहिलंच प्रदर्शन भरवलं. फ्रेमा अर्थातच रफिकच्या. लहान चित्रं फार देखणी होती. म्हशींच्या पाठी, भाकरी थापणारे हात, काय नि काय. पण मधोमध लावलं होतं हर्सूलच्या तळ्याचं मोठं चित्र, आणि तेच सरांचं लाडकं. मी त्याच्यासमोर चांगला अर्धा तास उभी राहिले. डोळा आत शिरायचा आणि त्याला बसायला जागाच सापडायची नाही. झाडाचं पान नि पान, लाट नि लाट, सगळं सारख्याच जोरानं रंगवलेलं. सर कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होते. पुढच्या रविवारी मी जसं दिसलं तसं लिहून टाकलं. लहान चित्रांचं मनापासून कौतुक केलं, आणि तळ्याबद्दल लिहिलं, "चित्रकारानं तळ्याकडं बघणं मधेच सोडलं आणि नुसतं चित्राकडं बघायला सुरुवात केली."

छापून आलं त्याच सकाळी रफिकचा फोन. "पागल हो गई क्या तू? उस्ताद है अपना! घर में बोल लेती, पेपर में कायकू?" मी तावातावानं म्हणाले, त्यांनीच तर शिकवलं. पण फोन ठेवल्यावर तो लेख मी परत तीनदा वाचला. सरांनी काही म्हटलं नाही, आणि त्यानंतर एकही प्रदर्शन भरवलं नाही. मी मनाशीच हिशोब जुळवला, हे माझ्यामुळंच. लिहिणं बंद केलं. लग्नकार्यात भेट झाली की सर म्हणायचे, "काय गं, बरी आहेस ना?" आणि मी जेवणाच्या रांगेकडं पळायचे. आपण गुरुजींचा हात थांबवला, ही गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही.

सर गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही मी गर्दीत मागच्या खुर्चीवर बसून लवकर निघून आले. तीन आठवड्यांनी रफिकनं निरोप दिला की शांतामावशींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला बोलावलंय. गेले. जाताना अख्ख्या रस्त्यात क्षमा कशी मागायची त्याची वाक्यं जुळवत होते. मावशींनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि बाहेरच्या खोलीत नेलं. समोरच्या भिंतीवर तळं! खाली सतरंजी, आणि चित्राच्या बरोबर पुढ्यात सरांची लाकडी खुर्ची.

"इथंच बसवायचे पोरायला दर रविवारी," मावशी म्हणाल्या. "गल्लीतली वीस-पंचवीस पोरं. त्यायला म्हनायचे, हे चित्र फसलंय, आता कुठं फसलंय ते सांगा. म्या म्हनलं, अवं, दुसऱ्या कुनाचं ठिवा की म्होरं. तर म्हनले, लोकाच्या चित्राला नावं ठिवाय शिकवलं तर पोरं माजत्यात. आपलंच बरं."

मी कसंबसं विचारलं, "मावशी, मी लिहिलं तेव्हा... सरांना फार लागलं असेल ना?"

"लागंल नाय तर काय! आठ दिस धड जेवले नाय. लई बोलले तुला, म्या सांगत बी नाय काय काय ते. मंग एक दिवस हीच खुर्ची टाकून बसले चित्राम्होरं, सकाळधरनं. दुपारी एकटेच हसाय लागले. म्हनले, शांता, पोरगी बराबर हाय."

"मग मला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच. "अकरा वर्षं मावशी, अकरा वर्षं मी तोंड चुकवत फिरतेय!"

"म्या बी म्हनलं, बोलवा तिला. तर म्हनले, आता ती समजूत काढाय यील. समजूत काढाय आलेलं मानूस खरं बोलत नाय. तिचं लिवलेलं खराब व्हईल."

"आणि प्रदर्शन? ते परत का नाही भरवलं?"

"गुडघे, बाई! तीन दिस हॉलमधी उभं राहून पाय ह्ये असे सुजले व्हते. म्हनले, आता मरस्तोवर चित्रं काढीन, पर परदर्शन नगं." आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं... शंभराच्या आसपास तरी असतील. लसूण सोलणारी बाई, गाढवं, पाण्याचे टँकर, झोपलेला कुत्रा. कुठं अर्धा कागद कोरा सोडलेला, कुठं तीन रेषांत सगळं आटपलेलं. मोकळी, धीट चित्रं. मी तिथंच उंबऱ्यात बसले आणि रडले. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हात थांबला नव्हता. उलट, आता कुठं सैल झाला होता. आणि मी वेडी लिहिणं सोडून बसले होते, गुडघ्यांच्या दुखण्याचं पाप आपल्या माथी घेऊन.

मावशींनी चहा आणला. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून सरांच्या खुर्चीशेजारी मांडली, मला त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सरांच्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ दोघी तळ्याकडं बघत राहिलो. मग त्यांनी विचारलं, "आता सांग. कसं वाटतंय?" मी नीट पाहिलं. विधवा बाईच्या घरात, तिच्याच हातचा चहा पीत काय बोलायचं? पण सरांच्या भिंतीसमोर बसून खोटं बोलवेना. म्हणाले, "डावीकडचा गवताचा काठ चांगला उतरलाय, तो तेव्हा माझ्या नजरेतून सुटला होता. पण मावशी, चित्र फसलंच आहे."

मावशींनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मी दचकलेच. "मला बी कदी आवडलं नाय बघ!"

"मग तुम्ही सांगितलं नाहीत कधी?"

"इचारलंच नाय त्यांनी. गल्लीतल्या शेंबड्या पोरायला इचारलं, तुझं पेपरातलं वाचलं, फ्रेम करताना त्या रफिकला बी इचारलं... मला कदी नाय." हा माणूस माझ्या आईशी गोधडीबद्दल बोलला होता. मला सरांचा राग आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, आणि हसूही आलं. मग मावशींनी कप खाली ठेवला आणि बोट वर केलं. "तळ्याला पानीच नाय त्यांच्या. निळं हाय, पर वलं कुठं हाय? म्या माहेरी असताना धुनं धुतलंय त्या काठावर. पानी सकाळी काळं असतं, दगडापाशी हिरवं, अन् बाईनं लुगडं आपटलं की तिथं पांढरं व्हतं. अन् बाया कुठं हायत ह्यांच्या? यवढं तळं अन् काठाला एक बाई नाय..."

उन्हाची तिरीप खिडकीतून सतरंजीवर आली, चहावर साय धरली, आणि मावशी बोलतच होत्या. एकेक कोपरा, एकेक रंग. मी कितीतरी प्रदर्शनं पाहिलीत, कितीतरी जाणकारांची भाषणं ऐकलीत; असं कुणाकडून ऐकलं नव्हतं. शेवटी घड्याळाकडं बघून मी पर्स उचलली, तर त्यांनी माझं मनगट धरून मला परत खाली बसवलं.

"थांब की," त्या म्हणाल्या. "अजून झालं नाय माझं."