हलक्या रानातला मेळावा

आप्पांना हळू बोलता येत नसे. साखर कारखान्याच्या तळावर उसाच्या गाड्यांचे नंबर पुकारण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर ते शिरूर तालुक्यातल्या आमच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर शेतीचा कार्यक्रम करायला आले, तेव्हा माईक टेबलावर आणि आप्पा दारात, अशी व्यवस्था करावी लागली. केंद्राची प्रमुख मी. "म्याडम, आज दारातनं बोलू का अंगणातनं?" असं ते रोज विचारत, आणि मी रोज चिडे.

जाहिराती न घेणाऱ्या आमच्यासारख्या आठ-दहा केंद्रांचा वर्षातून एकदा मेळावा भरे. पहिली दोन वर्षं एका संस्थेनं पुण्यात सभागृह दिलं. तिसऱ्या वर्षी तिनं हात वर केले. दौंडला बैठक झाली आणि सगळ्यांनी 'यंदा राहू द्या' म्हणून टाकलं. त्यात मीही होते.

"एकदा राह्यलं की कायमचं राह्यलं!" आप्पा गरजले. "सभागृह कशाला लागतंय? आमच्या आज्यानं मेंढरं काय सभागृहात बसवली व्हय?"

आप्पांचं घराणं मेंढपाळांचं. शेतात मेंढरं बसवली की लेंड्यांनी जमीन सुधारते, आणि शेतकरी धनगराला जेवू घालतो, ही जुनी रीत. "रान हलकं आसंल तिथं मेंढरं बसवायची. ज्याचं केंद्र ढेपाळलंय, त्याच्या गावात मेळावा. राहायचं, खायचं घराघरात."

त्या वर्षी भीमाकाठच्या एका गावात गेलो. तिथलं केंद्र बंद पडायच्या बेतात होतं. गावात कुणी ऐकतच नव्हतं. जेवलो त्या घराबद्दल पाहुण्यानं संध्याकाळी रेडिओवर बोलायचं, हाही आप्पांचाच दंडक. एका भल्या पाहुण्यानं आपण जेवलो त्या घरचा ठेचा 'गावात एक नंबर' ठरवला. दुसऱ्या दिवशी बाकीच्या घरांतल्या बायका केंद्रावर भांडायला हजर! माझं धाबं दणाणलं. आप्पा मात्र खूश. "भांडायला का हुईना, आल्या का न्हाई?" त्यातल्याच तिघी पुढे तिथला कार्यक्रम चालवू लागल्या.

असे आणखी दोन मेळावे झाले. मग आप्पांनी आमच्याच केंद्राचं नाव पुढे केलं.

"आप्पा, आपलं केंद्र ढेपाळलंय?"

"व्हय. सहा म्हैनं झालं, गावातलं एक मानूस इकडं फिरकलं न्हाई. आपलं झाकून दुसऱ्याचं कसं सांगायचं?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं खरं होतं, म्हणूनच इतकं झोंबलं.

मेळाव्याला पंधरा दिवस उरले असताना आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मला त्यांच्यावर अजून कितीतरी रागवायचं होतं.

चार दिवसांनी मी केंद्रांची यादी घेऊन बसले, मेळावा रद्द झाल्याचं कळवायला. इतक्या माणसांसाठी घरं कोण मिळवणार? गावात मला ओळखतं कोण? तेवढ्यात फुलशेती करणाऱ्या सुमनबाई आल्या.

"म्याडम, माझ्याकडं चार मान्सं धाडतो म्हनले व्हते आप्पा. बाया हैत का गडी? तशी निजायची सोय करते."

"तुमच्याकडे आले होते ते?"

"माझ्याकडंच व्हय? आमच्या आळीतलं एक घर सोडलं न्हाई त्यांनी. वरल्या आळीला बी जाऊन आले. समद्यांनी दळणं करून ठिवल्यात."

मला रडू आवरेना. सुमनबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग मी डोळे पुसले आणि पहिल्या केंद्राला फोन लावला. "मेळावा ठरल्या दिवशीच आहे. तुमच्या चौघीजणी सुमनबाईंकडे उतरतील."