गळ्यातले चार घरभेदी

मंडळी, एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

आज खडोलीला, शाळेत फळा पुसताना अडखळले आणि डावा हात टेबलावर टेकला. पडलेही नाही, नुसती टेकले. मनगटात कट् आवाज झाला. सिल्वासाला येऊन एक्स-रे काढला, रक्तही तपासलं, तर हाड मोडलेलं आणि बाकीची हाडंही ठिसूळ.

मी डॉक्टरांशी भांडलेच. "अहो, दरवर्षी रक्तातलं कॅल्शियम तपासते. कायम नॉर्मल!"

"बेन, ते नॉर्मलच येणार," ते म्हणाले. "रक्तात कमी पडलं की गळ्यातल्या चार ग्रंथी हाडांतून काढून भरतात. तुमचं ड जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नव्हतं, म्हणून हाडं पोखरली."

डाळीच्या दाण्याएवढ्या ग्रंथी. मीच पोसलेल्या! आणि जो रिपोर्ट मी राखोलीच्या जावेला तोऱ्यात दाखवायचे, तोच या ग्रंथींची चोरी झाकत होता.

हृदय नीट चालायला रक्तात कॅल्शियम लागतंच म्हणे. कबूल. पण मला एकदा कळवायचं तरी! साधं दुखलंही नाही हो.

खरा राग वेगळाच आहे. मी विज्ञानाची शिक्षिका. हाच ग्रंथींचा धडा वीस वर्षं शिकवतेय. तास संपताना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते, 'आपलं शरीर किती हुशार!'

सोमवारी नववीला तोच धडा आहे. लिहायचा हात शाबूत आहे. सांगा, काय लिहू?