डॉल्फिनची कंबर

कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात हाडकाकांचा हात धरणारा कुणी नव्हता. बेडूक द्या, वटवाघूळ द्या, सांगाडा असा जुळवतील की बघत राहावं. पण तोंड? तोंडाला लगाम म्हणून नव्हता.

किनाऱ्यावर मरून पडलेला डॉल्फिन आला, तेव्हा काकांचं पाऊल जमिनीवर ठरेना. याचे पूर्वज कधीकाळी चार पायांवर चालायचे. मागचे पाय गेले, पण कंबरेची दोन बोटभर हाडं मांसातच राहिली, कण्याशी नातं तुटलेली. प्राणिशास्त्राच्या बाईंना वर्गात नेमकी तीच दाखवायची होती, आणि नेमकी तीच सापडेनात.

हाडं ठेवलेले ट्रे धुतले होते सफाईच्या मावशींनी. झालं, काकांचा पारा चढला. "तुम्हाला हाड काय नि कचरा काय, सगळं सारखंच." मावशी सगळ्यांसमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या. मग गटारात हात घालून शोधत बसल्या. पुढे त्यांना या खोलीतून काढलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी जिने पुसायला लावलं.

सांगाडा टांगला गेला. एका दुपारी काका त्याची धूळ झटकत होते. डॉल्फिनच्या शेवटच्या फासळ्या कण्याला चिकटलेल्या नसतात. त्यांची एखादी जोडी कमीजास्तही असते, म्हणून जोडताना शंका आली नव्हती. आज मात्र फडकं शेवटच्या जोडीवर अडलं. फासळी म्हणायला फारच आखूड, नि सरळ. कंबरेची हाडं काकांनी स्वतःच तारेनं छातीला बांधली होती.

तार सोडून हाडं गुपचूप कपाटामागे टाकली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. तसा विचार आलाच, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

काका जिन्याकडे गेले, तेव्हा मावशी कठडा धरून पायरी पुसत होत्या.

"मावशी, हाडं सापडली. मीच भलत्या जागी लावली होती. तुमचा काही दोष नव्हता. आत्ताच बाईंना सांगतो."

मावशींनी फडकं पिळलं.

"बरं झालं बाई. मी तर घरी सांगून बसले, माझ्याच हातून गेली म्हणून. काका, तुम्ही इतकं ठासून बोललात, की ती हाडं फेकताना मी मला दिसायला लागले होते."

आणि त्या पुढची पायरी पुसू लागल्या.