थान्यातले पाहुणे

मध्य प्रदेशातल्या सौंसरला थानेदार असतानाचा एक पोळा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सकाळीच एका संत्रा बागाईतदाराने फिर्याद दिली : सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने, सालदाराने, बैलजोडी चोरली. दुपारी खबऱ्याने सांगितले, बैल मोहगावात सालदाराच्याच दारात, शिंगे रंगवून उभे आहेत. चोरीचा माल असा सजवून कोण बांधतो? मनात खटकले. तरी जोडी जप्त केली, पंचनामा केला आणि सालदाराला समोर बसवले.

"बैल तू नेले?"

"हो साहेब, म्याच नेले."

नुसता खिडकीतून लिंबाखाली बांधलेल्या बैलांकडे बघत होता. अटक दाखवायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात आमचे आमदार आले. मूळचे वकील, त्यांचे वडीलही सालदारच. कोर्टात माझ्या पंचनाम्यांच्या त्यांनी इतक्या चिंध्या केल्या होत्या, की ते निवडून भोपाळला गेले तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला होता. त्यांच्या प्रचाराची जीप याच बागाईतदाराची होती. मागोमाग तोही येऊन ऐटीत बसला. आता दबाव येणार, मी ओळखले.

वकीलसाहेब सालदाराशेजारी जमिनीवर बसले आणि एवढेच म्हणाले, "काल आवतन कोनं देल्लं होतं, भाऊ?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद लावतात आणि त्यांना जेवायचे आवतन देतात. सालदार रडायलाच लागला.

"म्याच देल्लं जी. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हनलं. आन मालकानं टॅक्टर घेतलं म्हून बैलं इकले. व्यापारी आज सकाळीच नेनार होता. जेवाले बलावून उपाशी कसं धाडू? सांजीले परत आनून देनार होतो."

फिर्यादीत या सौद्याचा उल्लेखच नव्हता. व्यापाऱ्याला बोलावले, त्याने सौदा कबूल केला.

"वकीलसाहेब, जीप कोनाची होती, ध्यानात हाय ना?" बागाईतदार म्हणाला.

"हाय ना. पन आज मी याचा वकील म्हून बोलून राहिलो. थानेदारसाहेब, नियत पाहा. चोरी कुठी हाय याच्यात?"

नव्हतीच. सालदाराचा जबाब घेऊन त्याला सोडले आणि पुढे खात्मा लावून प्रकरण बंद केले. दिवेलागणीला त्याची बायको पुरणपोळीचे ताट घेऊन थान्यात आली. आमच्या हवालदाराने बैलांचे पाय धुतले. आमदार, आरोपी आणि पोलीस असे सगळे मिळून पाहुण्यांना जेवू घालत होतो. थान्यात राहून आलेले बैल नकोत म्हणून व्यापाऱ्यानेही अंग काढून घेतले आणि जोडी गावातच राहिली.

पुढच्या निवडणुकीत जीप दुसऱ्याच्या प्रचाराला गेली. वकीलसाहेब पडले, काळा कोट घालून कोर्टात परतले आणि पहिल्याच खटल्यात माझा पंचनामा उडवला. मला राग यायला हवा होता, पण खरे सांगतो, बरे वाटले.

"काय केले" याची कबुली मिळाली, तरी "का केले" हे विचारल्याशिवाय तपास संपत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

माझी बदली झाली तेव्हा निघायच्या आदल्या सांजेला वकीलसाहेब घरी आले. बसले नाहीत. दारातूनच हात जोडून म्हणाले, "थानेदारसाहेब, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बांधलेले सामान सोडले आणि एक दिवस राहिलो.